एकशे त्र्याऐंशीची भागीदारी

इतिहास घडतो तेव्हा थोर माणसं आपापल्या जागी ठाम उभी असतात. ब्रॉनविन टलक संडासात बसली होती.

तशी ती दोनच मिनिटांसाठी आली होती. रडायला. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते मैदान लहान, पाहुण्या संघाच्या खोलीला संडास एकच, आणि रडायला दुसरी जागा नव्हती. राज्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना. जिंकायला हव्या होत्या दोनशे चोवीस धावा. ब्रॉन दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाली होती आणि फलकावर चार बाद एक्केचाळीस लागले होते. हा तिचा शेवटचा डाव होता, हे तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून तिनं चार वाक्यं आठवडाभर आरशासमोर पाठ केली होती. आरशानं चांगली दाद दिली होती.

सोळा वर्षं ती व्यावसायिक फलंदाज होती. म्हणजे सोळा वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या रिकाम्या खोल्या, एक सुटकेस, आणि दर मे महिन्यात ‘यंदा ठेवताय ना?’ असं विचारायचा एक फोन. देशाच्या संघात दोनदा निवड झाली. दोन्ही वेळा तिनं पाणी नेलं. आता ती सदतीस वर्षांची होती. संघातल्या मुली तिला प्रेमानं ‘आजी’ म्हणत आणि जेवायला जाताना बोलवायला विसरत.

तिनं तोंड पुसलं, कडीला हात घातला, तोच दारावर थाप पडली.

“आजी, आत तूच ना?” कप्तान तेगनचा आवाज.

“हो. येतेच.”

“येऊ नकोस!”

“काय?”

“तू आत गेल्यापासून मेव्हनं तीन चौकार मारलेत. इंडीनं एक. खबरदार हललीस तर!”

क्रिकेटचे काही नियम पुस्तकात आहेत. बाकीचे पाळले जातात. जोडी जमली की जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं. ब्रॉननं स्वतः एकदा संघाच्या डॉक्टरीणबाईंना हातात अर्धं सोललेलं केळं धरून तासभर उभं ठेवलं होतं. ती मुकाट्यानं परत बसली.

“आणि तू कुठं जाणार?”

“मी दाराशी होते. आता दाराशीच राहणार, दुसरं काय?” तेगन खोल श्वास घेऊन म्हणाली.

दाराखालच्या फटीतून तेगनचे बूट दिसत होते. ब्रॉनला भरून आलं. सोळा वर्षांत ती सत्तावीस वेळा शून्यावर बाद झाली होती. पण तिच्या मागोमाग विचारपूस करायला कुणी आलं, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

वरच्या झरोक्यातून टाळ्या ऐकू येत होत्या. भागीदारीचे पन्नास झाले. शंभर झाले. पाण्याच्या सुट्टीतही कुणी जागचं हललं नाही. तेगनचे बूट मात्र एकदा डावीकडे झुलत, एकदा उजवीकडे. मधूनच एक बूट दुसऱ्यावर चढे. बिचारीला सामन्याची केवढी काळजी!

एकशे चाळीसला ब्रॉनला राहवलं नाही. वाक्यं चार होती. तिनं दाराकडे बघून पहिलंच म्हटलं.

“तेगन, मी आजपासून खेळणं सोडतेय.”

बाहेर आरोळी उठली. षटकार!

“पुन्हा म्हण!” तेगन ओरडली.

“खरंच सोडतेय गं. सोळा वर्षं झाली, कधीतरी तर...”

“अख्खं पुराण नको! मघाचं तेवढंच म्हण! त्यावर षटकार बसला!”

ब्रॉननं पुन्हा म्हटलं. चौकार. मग आपापल्या जागेवरून सगळी खोलीच ओरडायला लागली, “आजी, सोड खेळणं! आजी, सोड!” आणि आजी दर चेंडूला निवृत्त होत राहिली. एवढ्या वेळा आणि एवढ्या टाळ्यांच्या गजरात आजवर कुणी निवृत्त झालं नसेल. पहिल्यांदा म्हणताना तिचा घसा दाटला होता. सहाव्यांदा नुसता कोरडा पडला. विसाव्यांदा ते वाक्य तिचं राहिलंच नव्हतं.

मग एक प्रचंड जल्लोष झाला. बाकं सरकली, खिळ्यांचे बूट फरशीवरून धडधडत बाहेर गेले, आणि सगळं शांत झालं. करंडक तिकडे होता, फोटो तिकडे होते, मेव्ह आणि इंडी तिकडे कुणाच्या तरी खांद्यावर होत्या. आत येऊन ‘जिंकलो’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ब्रॉननं फटीकडे पाहिलं.

बूट तिथंच होते.

“तू गेली नाहीस?”

“नाही.”

“अगं, कप्तान ना तू? करंडक कोण घेणार?”

“आजी,” तेगनचा आवाज कापत होता, “दार उघड.”

म्हणजे हिनं ऐकलं होतं. एवढ्या वेळांत एकदा तरी खरोखर ऐकलं होतं. ब्रॉननं बाहीनं डोळे पुसले, कडी काढली आणि दोन्ही हात पसरले. समोर तेगन भिंतीला धरून उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

“मिठी नंतर, आजी,” ती कशीबशी म्हणाली. “आधी तेवढी बाहेर ये ना. दोन तास झाले, मला लागलीय.”