बिशपची खूण

"तुझा बिशप आता ब्रह्मचर्य पाळतोय, डेलिया," सूपच्या वाडग्यावरून मान वर करत फेस्टस म्हणाला. "नावच तसलं ठेवल्यावर त्या बिचाऱ्याचा काय दोष!"

गुरांच्या बाजारातल्या कॅन्टीनमध्ये हशा पिकला. भिंतीपलीकडच्या रिंगणात लिलाव चालू होता. डेलियानं शांतपणे ब्रेडला लोणी लावलं. बिशप तिचा म्हातारा मेंढा. तिच्या नवऱ्यानं, मार्टीननं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मार्टीन गेला, बिशप उरला.

"ब्रह्मचर्यातलं तुला जास्त कळणार, फेस्टस. साठी उलटली, अजून कुणा बाईनं तुला चहा विचारला नाही."

हशा दुप्पट झाला. कोलमन नावाचा जाडजूड गडी तर टेबलच बडवायला लागला.

हसू ओसरल्यावर फेस्टस जरा खालच्या आवाजात म्हणाला, "खरंच सांगतो. माझा मेंढा घेऊन जा आठ दिवस. फुकट."

झालं. एवढं त्यानं बोलायला नको होतं. मार्टीनला पुरल्यापासून जो तो डेलियाला शहाणपण शिकवत होता. मेंढ्या विकून टाक, डोंगर झाडं लावणाऱ्या कंपनीला दे, गावात खोली घे. त्यात आता शेजाऱ्याची दया.

"भिकेचा मेंढा माझ्या कुरणात पाय टाकणार नाही," ती उठून म्हणाली. "ऐका सगळे. नाताळच्या आत बिशपनं माझी एक जरी मेंढी कोरी ठेवली, तर सगळा कळप याच रिंगणात विकते आणि डोंगर सोडते. आणि सगळ्यांवर खूण झाली, तर या फेस्टसनं पाठीवर लिलावाचा नंबर चिकटवून रिंगणात फेरी मारायची. बैलासारखी!"

"बोली कोण लावणार त्याच्यावर?" कोलमननं विचारलं.

"खाटीकसुद्धा नाही लावणार," डेलिया म्हणाली, आणि टोपी डोक्यावर दाबून बाहेर पडली.

त्याच दुपारी तिनं बिशपच्या छातीवर पट्टा आवळला आणि त्यात लाल रंगाची नवी कोरी वडी बसवली. त्या डोंगराची रीतच तशी. मेंढा ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. पाठ कोरी राहिली तर वसंतात कोकरू नाही. डेलियाचा रंग लाल, भिंतीपलीकडच्या फेस्टसचा निळा, आणि हे वाडवडिलांपासून चालत आलेलं.

पहिले काही दिवस बिशप कुंपणाशी उभा राहून गवत चघळत होता. डेलियाला रात्री डोळ्याला डोळा लागेना.

मग एका सकाळी तीन पाठी लाल दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी काही. मधल्या भिंतीचे वरचे दगड वाऱ्यानं हलले होते, ते नीट रचता रचता ती बिशपला म्हणाली, "शाब्बास रे माझ्या राजा!" बिशपनं तिच्याकडे पाहिलं आणि चघळणं चालू ठेवलं.

आता बाजारात तिच्या जिभेला धार आली. फेस्टस सूप समोर ठेवून डुलक्या काढायचा. "उठा आजोबा," ती त्याच्या खांद्याला ढोसायची. "रात्री काय दिवे लावता?"

"गुडघा ठणकतो," तो डोळे चोळत म्हणायचा.

"आणि त्या तुझ्या नामांकित मेंढ्याला काय झालं? बरगड्या मोजाव्यात एवढा वाळलाय. माझ्या बिशपकडे धाडून दे शिकवणीला!"

"म्हातारा छुपा रुस्तम निघाला म्हणायचा," फेस्टस पुटपुटायचा.

"रंग तरी बरा घे. तुझ्या मेंढ्यांच्या पाठी निळ्या कुठल्या, जांभळ्या दिसतात. दुकानदारानं भेसळ गळ्यात मारली तुझ्या."

फेस्टसनं सूप तळापर्यंत संपवलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात कोलमन पंच म्हणून डेलियाच्या कुरणात आला. खिशात लिलावाचा नंबर आणि चिकटवायचा डिंक. मागून फेस्टस, टोपी हातात घेऊन. कोलमननं एकेक मेंढी धरून पाठ पाहिली. एकही कोरी नव्हती.

"संपलं," कोलमन ओरडला. "डोंगर डेलियाचाच! बाई, त्या बिशपचा पट्टा सोड आता. वडीचा उरलेला तुकडा कॅन्टीनमध्ये खिळ्याला टांगू. पोरंबाळं बघतील."

"राहू दे की," फेस्टस घाईनं म्हणाला. "चिखल झालाय केवढा. म्हातारा दमला असेल."

"हरलेल्यानं बोलायचं नाही," डेलिया म्हणाली आणि मान ताठ करून गोठ्यात शिरली.

बिशप चारा खात उभा होता. तिनं त्याच्या मानेवर थाप मारली, ओणवं होऊन बक्कल काढलं आणि वडी ओढून घेतली. तिचा हात तिथंच थांबला. वडीचे कोपरे दुकानातून आणल्यासारखे धारदार होते. कंपनीचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

दारातून तिला भिंत दिसली. भिंतीपलीकडे जांभळ्या पाठी चरत होत्या, निळ्यात लाल मिसळलेल्या. अलीकडे फेस्टस हातातली टोपी गरागरा फिरवत होता आणि गोठ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

डेलियानं वडी कोटाच्या आतल्या खिशात खोल कोंबली आणि बाहेर आली.

"कुठाय तुकडा?" कोलमननं विचारलं.

"झिजून गेली," ती फेस्टसच्या डोळ्यांत रोखून बघत म्हणाली. "कणभर उरली नाही. आण तो नंबर इकडे, कोलमन. आणि तू रे, पाठ फिरव!"