झिजलेल्या बिजागऱ्या

आमचे साडू म्हणजे संगीताचे मोठे दर्दी, असं ते स्वतःच सांगतात. मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातलं काय कळणार, हेही तेच सांगतात. त्यांच्या घरी कुणी गेलं की पाणी मागाहून, आधी रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडून दाखवणार.

गेल्या आठवड्यात तोच प्लेअर काखोटीला मारून माझ्या दुकानात आले. झाकण वर केलं की राहीना, धाडकन हातावर आदळायचं.

“घेतल्यापासून तीस वर्षं रोज तासभर ऐकतोय, बिजागऱ्या झिजणारच,” ते म्हणाले. “नव्या बिजागऱ्या घालू नकोस हं उगाच. घरचाच माणूस आहेस, स्वस्तात उरक.”

मी डब्याच्या पत्र्याच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या आणि ढिल्या बिजागऱ्यांत ठोकून बसवल्या. झाकण ताठ उभं राहिलं. संध्याकाळी प्लेअर पोचवायला गेलो, तर त्यांच्या दिवाणखान्यात पाच-सहा पाहुणे बसलेले. साडूंनी नेहमीच्या थाटात झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं आणि त्यांच्यादेखत मला विचारलं, “काय रे, वाजवून तरी पाहिलास, की तेवढीही अक्कल नाही?”



“छे हो भाऊजी, सुईवरचं कंपनीचं टोपण तुम्ही तीस वर्षं जपून ठेवलंय, ते काढायचा मान तुमचाच!”