वाघाची मावशी, तीन अक्षरी

औषधांच्या दुकानाचं शटर वर करून ती काउंटर पुसत होती, तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा. खरं तर आता त्या सासूबाई नव्हत्या. घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यांच्या मुलाने दुसरं लग्नही केलं होतं. पूर्वी रोज याच वेळी त्या पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायच्या आणि अडलं की घरून तिला फोन करायच्या. नवऱ्यापासून सुटल्याचं तिला दुःख नव्हतं. सकाळ मात्र खायला उठायची. "अगं, एक आडवा शब्द अडलाय," ख्यालीखुशाली न विचारताच त्या म्हणाल्या. "वाघाची मावशी. तीन अक्षरी. मांजर बसत नाही, मधे 'र्जा' आलंय." तिला हसू फुटलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंना 'मार्जार' अडेल? "घरात विचारलंत का कुणाला, आई?" तिने विचारलं. "नवी सूनबाई गुणी आहे गं. पण विचारायचा अवकाश, मोबाइलमध्ये बघून उत्तर देऊन मोकळी होते." पलीकडून पेन्सिल पेपरावर टकटक आपटल्याचा ओळखीचा आवाज येत होता. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "आई, मलाही आठवत नाहीये," ती म्हणाली. "विचार करून दुपारी फोन करू?" "कर ना! पण चारनंतर कर," सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला, "तेव्हा घरात मी एकटीच असते."