शनीची कडी

"गुरूचे चार मोठे चंद्र कुठले?" लेकीने टीव्हीचा आवाज बंद करत विचारलं.

तिच्या वडिलांनी, काकांनी, खुर्चीत मान मागे टेकली. "आयो, युरोपा, गॅनिमीड आणि... थांब, सांगू नकोस... कॅलिस्टो."

"आणि त्या लाल डागात काय आहे?"

"वादळ. आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढं."

लेकीने आईकडे, काकूंकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या काकूंनी धरून ठेवलेला श्वास सोडला.

ही परीक्षा लेकीनेच काढली होती. ती कॉलेजात शिकवायची आणि खालच्याच मजल्यावर राहायची. अवकाशावरची माहितीपटांची मालिका रोज संध्याकाळी लागायची. बापलेक ती मिळून बघायचे आणि भाग संपला की लेकीचे प्रश्न सुरू व्हायचे. बाबांचं डोकं शाबूत आहे की नाही, हे तिला ठरवायचं होतं. गाडीची किल्ली त्यावर अडली होती.

काका शाळेची व्हॅन चालवायचे. मुलं त्यांना गाडीकाका म्हणायची. महिन्यापूर्वी वळणावर उभी असलेली एक मुलगी हात हलवत राहिली आणि व्हॅन तिच्यासमोरून सरळ निघून गेली. पोरगी मागे धावली, पडली. हात मोडला.

"विसरलो," काका तिच्या वडिलांना म्हणाले. "तिचा स्टॉप डोक्यातूनच गेला."

तो शब्द काकूंनी या घरात आधीही ऐकला होता. काकांचे थोरले भाऊ असेच विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं, मग घराची वाट. एक दिवस अनवाणी बाहेर पडले, ते कालव्यात सापडले.

मग काकूंना एकेक गोष्ट आठवायला लागली. भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतणं. एका पायात काळा आणि दुसऱ्यात तपकिरी बूट घालून बाहेर पडणं. जिन्यात सख्खा जावई समोर आला, तर परक्या माणसाला द्यावी तशी त्याला वाट करून देणं. कशाबद्दलही विचारलं तरी काकांचं उत्तर एकच, "विसरलो गं."

किल्ली काकूंनीच काढून घेतली आणि लेकीच्या हातात ठेवली.

शाळेने आपल्याकडची दुसरी किल्ली देऊन व्हॅनवर दुसरा ड्रायव्हर ठेवला. काका दिवसभर खुर्चीत बसून असायचे. सकाळी व्हॅन फाटकातून बाहेर पडली की त्यांचा डावा पाय जमिनीवर हलकेच दाबला जायचा.

"क्लच जाळतोय मेला," ते पुटपुटायचे.

एकदा भांडी घासता घासता काकूंनी विचारलंच. "खरं सांगा, भाऊजींसारखं तर नाही ना होत तुम्हाला?"

"माझं डोकं जागेवर आहे. तुझी शपथ."

"मग एवढं विसरता कसं?"

"मला असं घरात बसवून ठेवू नकोस," काका म्हणाले. "भिंतींशी बोलायला लागेन मी."

त्यांनी ती मालिका अगदी जीव लावून ऐकली. कुणी मध्ये बोललं तर चिडायचे. सूर्याचा उजेड पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो, शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा कसा, सगळं त्यांना तोंडपाठ. जावईसुद्धा थक्क झाला.

शेवटच्या भागानंतर लेक हसत म्हणाली, "आता एक सोपा प्रश्न. ती शास्त्रज्ञ बाई रोज येते ना, ती आपल्यातल्या कोणासारखी दिसते?"

काका क्षणभर थांबले. "परक्या बायकांना निरखायचं माझं वय राहिलं का गं? तुझ्या आईसमोर असलं काही विचारत जाऊ नकोस."

सगळे खो खो हसले. "हुबेहूब मावशी!" लेक डोळे पुसत म्हणाली आणि पर्समधून किल्ली काढून तिने बाबांच्या तळहातावर ठेवली. "पास झालात. सोमवारपासून जा. माझी चिंगी पण तुमच्याच गाडीतून जाईल, म्हणजे झालं?"

काकांनी मूठ मिटली.

रविवारी काकूंनी उत्साहाने सगळं घर झाडून काढलं. माळ्यापासून जळमटं काढली, पंखे पुसले. महिनाभर घराकडे बघायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

सोमवारी काका लवकर तयार झाले. दाढी, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. निघायला थोडा वेळ होता. सकाळी मालिकेचे भाग पुन्हा दाखवायचे, म्हणून त्यांनी टीव्ही लावला. काकू स्वयंपाकघरात नातीचा डबा भरत होत्या.

"अगं, बाहेर ये लवकर!" काकांनी हाक मारली. "शनीची कडी बघ. काय झगमगतायत! डोळ्यांचं पारणं फिटलं बघ!"

"आले, आले!" काकूंचे हात क्षणभर थांबले. किती दिवसांनी हा आवाज ऐकला होता त्यांनी. नवरा परत मिळाला, असं त्यांना वाटलं.

चिंगी धावत आली आणि डबा घेऊन आजोबांचा हात ओढायला लागली. "आजोबा, मी पुढे बसणार हं! तुमच्या शेजारी!"

"मग दुसरं कोण बसणार? चल." काका दारातून ओरडले, "टीव्ही चालू ठेवलाय गं. तू पण बघ जरा."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंनी पाहिलं. मुलं कलकलाट करत व्हॅनमध्ये चढत होती. "गाडीकाका आले, गाडीकाका आले!" चिंगीने पुढच्या सीटवरून वर बघून हात हलवला. काकूंनीही हलवला. हॉर्न वाजला आणि व्हॅन फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याच्या गर्दीत शिरली.

काकूंनी डोळे टिपले, पदराला हात पुसले आणि त्या शनीची कडी बघायला बाहेरच्या खोलीत आल्या.

निवेदक कड्यांबद्दलच सांगत होता. काल जळमटं काढताना काकूंनी टीव्हीवर टाकलेली जुनी चादर पडद्यावर अजून तशीच होती.