दार फोडल्याचा दंड

अरे ऐक, नुसतं ऐक, मधे तोंड घालू नकोस. भूकंपानंतर वर तिझगी गावात सगळ्यांत आधी कोण पोचलं असेल? डॉक्टर नाही. पिठाची गाडी तर नाहीच, खालच्या घाटात अख्खा डोंगर रस्त्यावर येऊन बसलेला, गाडी येणार कुठून! पोचलं ते एक खेचर. बायका धावल्या खाली, तूदा सगळ्यांच्या पुढे. आणि खेचरावर काय? एक साहेब, एक कॅमेरा, आणि लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचं हे एवढं भेंडोळं.

"पीठ मागनं येतंय ना?" तूदाने विचारलं.

"पिठाचं खातं वेगळं, बाई. मी जुन्या वास्तूंच्या खात्यातला, कोठारासाठी आलोय."

कोठारासाठी! घरं सगळी जमिनीला मिळाली, पण कड्यावरचं ते जुनं दगडी कोठार उभं होतं. एका भिंतीला भेग गेली, तेवढंच. आत प्रत्येक घराची एक खोली, लाकडी दार, लाकडी किल्ली. ज्याची किल्ली त्याचंच दार. मालक मेला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. राखणीला म्हातारा दद्दा इदर. त्याचा बापही राखणदार, आजाही राखणदार.

गावाच्या खोल्या दुष्काळाने आधीच खरवडल्या होत्या. उरलंसुरलं भूकंपानंतर संपलं. पोरं कच्चे अक्रोड फोडून खात, सालीच्या रसाने काळ्या झालेल्या तोंडांनी हिंडत होती. तूदाची सासू मोडलेला पाय घेऊन ताडपत्रीखाली पडलेली, आणि दुखतंय असं म्हणतच नव्हती, पेज दे म्हणत होती.

भरलेली खोली एकच. हाज बेलईदची. तो कधीचाच फ्रान्सला गेलेला. त्याच्या शेतातला जव दर वर्षी तूदाच कापायची, तीच पाठीवर लादून कडा चढायची. तो उन्हाळ्यात यायचा, खोली भरून घ्यायचा, कुलूप घालून जायचा. किल्ली तिकडे बैठकीच्या भिंतीला टांगलीय म्हणे, पाहुण्यांना दाखवायला. आणि त्याला विचारावं, तर फोनचा टॉवरच आडवा.

"दद्दा, उघडा," तूदा रोज म्हणायची.

"किल्ली आण."

"फ्रान्सला जाऊन?"

"मी शपथ घेतलीय, पोरी."

भूक इदरलाही होती, बरं का. गाल आत गेले होते त्याचे. पण दारासमोरून हलला नाही.

आता साहेब वर चढला आणि त्याने कोठाराच्या तोंडावर पट्टी बांधायला घेतली. "आत कोणी जायचं नाही. भिंत कधी अंगावर येईल सांगता येत नाही." ते काही खोटं नव्हतं. तेवढं सांगून गप्प बसायचं ना! पण नाही. बेलईदच्या दारावरच्या नक्षीचे फोटो काढता काढता गडी बोलायलाच लागला. "तुम्हाला कल्पना नाही, बाई, हे काय आहे! माणूस या डोंगरात तगला कसा, ते इथे दिसतं. पाऊस दगा देणार, धरणी हलणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने धान्य साठवायची युक्ती काढली. मग त्यातून गाव झालं, कायदा झाला. संस्कृती म्हणतात ती हीच!"

"साठवायचं, आणि मग खायचं कधी?" तूदा म्हणाली.

"म्हणजे?"

"खायचं कधी विचारते. पाऊस नाही. धरणी हलली. आता अजून काय व्हायचं राहिलंय?"

साहेबाने कॅमेऱ्याची काच पुसली. "हे बघा, हा सगळ्या मानवजातीचा ठेवा आहे."

"आणि माझी सासू कुणाच्या जातीची?"

उत्तराला थांबलीच नाही ती. खाली गेली आणि ज्या कुदळीने सासूला मातीतून उकरून काढलं होतं, तीच घेऊन वर आली. पट्टी छातीने तोडली. साहेब ओरडतोय, "अहो ते दार! जुनं आहे हो ते!" वरून माती भुरुभुरु तिच्या केसांत पडतेय. पहिल्या घावाला नक्षी गेली. मग कडी. मग दार आत कोसळलं आणि जवाचा वास असा बाहेर आला, की मागे उभ्या बायकांमधली एक रडायलाच लागली.

"हिला अटक झाली पाहिजे!" साहेब इदरकडे वळला. "तुमच्याकडे कायदा आहे ना? सांगा हिला!"

इदर पुढे आला. तूदा कुदळ धरून तशीच उभी.

"माझी शपथ मोडलीस तू," तो म्हणाला.

"मोडली. काय दंड असेल तो सांगा."

"दार फोडील त्याने..." म्हाताऱ्याने मान वळवली. कोठारात पाहिलं त्याने, मग खाली ताडपत्र्यांकडे. "दार फोडील त्याने अख्ख्या गावाला जेवू घालायचं."

तूदाने कुदळ टाकली आणि एक रिकामं पोतं उचललं.

"मग उभे काय राहिलात, दद्दा? पोत्याचं तोंड धरा."

आणि उभ्या जन्मात दुसऱ्याच्या दाण्याला न शिवलेल्या त्या माणसाने पोत्याचं तोंड धरलं. बांधायला दोरी सापडेना, तेव्हा तूदाने साहेबाच्या काखेतलं भेंडोळं ओढून घेतलं, आणि लाल-पांढऱ्या पट्टीने तोंडं बांधलेली ती पोती त्याच्याच खेचरावर लादून खाली गेली.

आता तू सांग. तूदाचं सोड, तिने केलं ते केलं. त्या दाराशी इदरच्या जागी तू उभा असतास, तर काय केलं असतंस?