कुंडीतल्या ऑलिव्हखाली आवळीभोजन

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायचं असतं. आमच्या धरमपेठेतल्या गच्चीवर आवळा नाही. भैरवीताईनं कुंडीत लावलेलं कमरेएवढं ऑलिव्ह आहे.

"फळ हिरवंच हाये ना, चालते," म्हणत आईनं तिथंच ताटं मांडली.

पहिल्या घासाला आम्हा चौघांवर सावली आली. भर दुपारी, कमरेएवढ्या झाडाची.

"सोसायटीले सांगू नका," बाबा म्हणाले. "सगळे येऊन बसतील."

आम्ही हसलो. तेवढ्यात एक फळ पडून कुंडीमागे घरंगळलं. ताई ते उचलायला गेली.

"इथं लय पडले हायेत वं आई!" तिचा आवाज जरा लांबून आला.

मी उठून पाहिलं. कुंडीमागे वीतभर जागा, मग कठडा. ताई नव्हती. कठड्यावरून खाली पाहिलं, तिथंही नव्हती.

"भैरवी, वरण थंड होऊन राहिलं वं!" आई ओरडली.

"आली! चढ खूप हाये!"

आवाज पानांच्या आतून, पार खालून आला. सोबत शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या.

सावली आखडू लागली. बाबांच्या ताटात ऊन आलं, मग आईच्या, मग माझ्या.

आता फक्त ताईच्या ताटावर सावली होती. तीही अर्ध्यावरच.