कमरेची सुपारी

बोटीवरून उतरताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं की बी नेऊ नका. समुद्रात बुडणारं हे बेट मुळांनी बांधून ठेवायला इथली मातीच अशी केली होती, की काहीही पडलं तरी घटकाभरात झाड व्हावं. तरी वासुदेवरावांनी कमरेला सुपारी खोचलीच. पूजेला बायको नसली की तिच्या जागी अशी सुपारी घेतात, आणि हे बेट पाहायचं वेड त्यांच्या गेलेल्या कुमुदचंच होतं. धक्क्यावर शहाळं पिताना सुपारी निसटून दगडांच्या फटीतल्या मातीत पडली. आता पोफळ त्यांच्या खांद्याला लागली होती आणि तिची मुळं धक्क्याचे दगड उचलत होती.

पहारेकरणीनं त्यांच्या हातात मशाल दिली. कानातल्या यंत्रातून तिचं बोलणं मराठीत आलं, "ज्यानं आणली त्यानंच जाळायची. नाहीतर इथं राहून रोज मुळं छाटायची."

"बाबा, बोटीचा भोंगा झाला, लावा आग," मुलगी केतकी म्हणाली. "सुपारीच आहे ती."

"तुझ्या आईला अग्नी मीच दिला होता. एकदा जमलं."

"आणि तुमच्या गोळ्या इथं कोण बघणार?"

वासुदेवरावांनी मशाल पाण्यात बुडवली आणि ते पहारेकरणीकडे वळले.

"बाई, कोयता द्या. धार चांगली हवी हं. हिला दुखलेलं सोसत नाही."